गमऱ्यांच्या गाडीचे तेलकट प्लग

राजरत्न गमरेने गाडी घेतली ती खुर्चीच्या जागी. लोक आधी गाडी घेतात आणि मग ती लावायला जागा शोधत पुढची दहा वर्षं फिरतात. इथे जागा आधी मिळाली होती. करी रोडची त्यांची चाळ पडली, तिच्या जागी दोन टॉवर उभे राहिले आणि जुन्या भाडेकरूंना घराबरोबर पार्किंगची एकेक चौकट मिळाली. गमऱ्यांची चौकट तिसऱ्या मजल्यावर, पिवळ्या पट्ट्यांनी आखलेली, नंबर एकशे सतरा. राजरत्नचे वडील कोंडीराम, ज्यांना घरीदारी सगळे अप्पा म्हणतात, त्यांनी पहिल्याच दिवशी ती पावलांनी मोजली आणि सांगितलं की आपली जुनी खोली याहून फार मोठी नव्हती, आणि तिच्यात आपण नऊ जण राहत होतो.

अप्पांचं वय चौऱ्याऐंशी. घर एकोणिसाव्या मजल्यावर. चाळीत दार उघडं टाकलं की माणसं आपोआप आत येत, काही काम नसतानाही येत, आणि चहा पिऊन कामाला उशीर झाला म्हणून आपल्यालाच बोल लावून जात. टॉवरात दार उघडं टाकलं की खालून वॉचमनचा फोन येतो, ‘सर, सब ठीक है ना?’ पहिल्या दोन महिन्यांत अप्पा खिडकीशी बसून राहायला लागले. बोलणं कमी झालं, मग जेवण कमी झालं. डॉक्टरांनी तपासून काही नाही म्हणून सांगितलं, आणि काही नसलेल्या आजारावर औषध कुठून आणायचं या विचाराने राजरत्नची झोप उडाली. मग एका सकाळी अप्पा प्लास्टिकची खुर्ची काखेत मारून लिफ्टने खाली उतरले आणि थेट एकशे सतराच्या चौकटीत जाऊन बसले. आठवड्याभरात जुन्या चाळीतले तीन म्हातारे तिथे जमायला लागले. अप्पा पुन्हा जेवायला लागले, भाजीत मीठ कमी आहे असंही म्हणायला लागले.

ही खुर्ची सोसायटीच्या सेक्रेटरी मृणालिनीबाईंच्या नजरेस पडली. मृणालिनीबाई शेजारच्या, विकत घेतलेल्या फ्लॅटांच्या टॉवरात राहतात. शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून त्या निवृत्त झाल्या आहेत, पण त्यांचा आवाज अजून नोकरीत आहे. पार्किंगची जागा फक्त वाहनासाठी आहे, खुर्ची हे वाहन नाही, असं त्यांनी लेखी कळवलं. राजरत्न वीस वर्षं एका विमा कंपनीत दाव्यांच्या खात्यात आहे. कलमावर बोट ठेवून लोकांचे दावे परत पाठवणं हेच त्याचं काम, त्यामुळे कलमाला उत्तर कलमानेच द्यावं लागतं हे त्याला पक्कं ठाऊक. पंधरा दिवसांत त्याने नऊ वर्षांची, राखाडी रंगाची, जुनी छोटी गाडी आणून चौकटीत उभी केली. गाडी हे वाहन आहे आणि वाहनात माणूस बसू शकतो. दुसऱ्या दिवसापासून अप्पा इस्त्रीचा पांढरा सदरा घालून पुढच्या सीटवर, दार उघडं टाकून बसायला लागले. मंडळी समोरच्या कठड्यावर. गाडीने बाहेरचा रस्ता पाहिला तो एकदाच, शिवाजी पार्कला चक्कर मारली तेव्हा. त्या वेळीही अप्पांना परत यायची घाई होती.

अडीच महिने हे सगळं गुण्यागोविंदाने चाललं. मग एका रविवारी बॅटरी उतरू नये म्हणून राजरत्नने गाडी सुरू केली, आणि ती सुरू झाली म्हणण्यापेक्षा तिला हुडहुडी भरली. समोर पिवळा दिवा लागला. मागून निळसर धुराचा लोट निघाला आणि तो नेमका सकाळच्या फेऱ्या मारणाऱ्या मृणालिनीबाईंच्या अंगावर गेला. त्या खोकल्या, थांबल्या, त्यांनी नंबर टिपून घेतला. संध्याकाळी नोटीस आली: चालू स्थितीत नसलेलं वाहन पार्किंगमध्ये ठेवता येणार नाही. येत्या रविवारी सकाळी दहा वाजता समितीसमोर गाडी सुरू करून, धूर न सोडता एक फेरी मारून दाखवावी. अन्यथा जागा सोसायटी ताब्यात घेऊन पाहुण्यांच्या वाहनांसाठी वापरेल.

नोटीस वाचून दीपिका, राजरत्नची बायको, एवढंच म्हणाली की आता अप्पांना काय सांगायचं. राजरत्न म्हणाला, काही सांगायचं नाही, मी दुरुस्त करतो. आपण काय बोलून बसलो हे त्याला लिफ्टमध्ये उमगलं. गाडीतलं त्याचं ज्ञान बारा वर्षांपूर्वी दादरच्या मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये शिकलेल्या क्लच, ब्रेक आणि देवावर हवाला एवढ्यावर थांबलं होतं, आणि त्यातला देव तर तो मानतही नव्हता.

मेकॅनिकला घरी बोलवावं म्हटलं, तर पार्किंगमध्ये दुरुस्तीला बंदी. विशेष परवानगी मिळते, पण त्यासाठी ‘बाहेरील कारागीर प्रवेश अर्ज’ भरायचा, आणि त्यावर निर्णय सात कामकाजाच्या दिवसांत. म्हणजे नोटिशीचे सात दिवस संपल्यावर, आणि रविवार कामकाजात धरत नाहीत ते वेगळंच. गाडी गॅरेजला न्यावी, तर ती उतारावरच बंद पडली तर मागे रांग लागणार. राजरत्नने अशी अर्जांची वर्तुळं स्वतः कित्येक लोकांना काढून दिली होती. आज आपण आत उभे राहिल्यावर त्याला त्या लोकांबद्दल पहिल्यांदा वाईट वाटलं.

सोमवारी संध्याकाळी विकास आला. विकास जुन्या चाळीतला दोस्त, कुरिअर कंपनीत सुपरवायझर, आणि मोबाइलवर बघितलेल्या प्रत्येक विषयात निष्णात. जय भीम झाल्या झाल्या त्याने बॉनेट उघडायला लावलं. प्लग काढल्याशिवाय इंजिनाच्या पोटातलं कळत नाही, हे त्याचं म्हणणं. प्लग काढायचा पाना कुठे मिळेल, तर ऑपेरा हाउसच्या स्पेअरपार्टच्या गल्लीत. मंगळवारी राजरत्न ऑफिसातून लवकर निघून गिरगावात गेला. दुकानदाराने विचारलं, किती नंबरचा? राजरत्नने गाडीचा नंबर सांगितला. दुकानात तीन गिऱ्हाइकं होती, तिघांनीही छताकडे बघितलं. पाना मात्र बरोबर मिळाला, आणि दुकानदाराने अर्धा लिटर इंजिनाचं तेलही गळ्यात मारलं.

तीन प्लग काढायला दोन तास लागले. त्यात विकासच्या बोटाची साल गेली आणि राजरत्नचा ऑफिसचा शर्ट गेला. तिन्ही प्लगांची टोकं काळी, ओली, बोटाला चिकटणारी. विकासने मोबाइलवरून समजावलं: प्लगाच्या वरच्या अंगाला तेल असेल तर वरच्या झाकणाचं पॅकिंग गेलेलं असतं, किरकोळ काम, पण खालच्या टोकाला तेल असेल तर ते इंजिनाच्या आतून येतं, म्हणजे रिंगा गेल्या.

“रिंगा गेल्या म्हणजे?”

“म्हणजे इंजिन खोलायला लागणार रे. महिनाभर तरी.”

राजरत्नने बोटांवर दिवस मोजले. त्याच्यापाशी महिना नव्हता, पाच दिवस होते. आणि पाच दिवसांनी अप्पा पुन्हा त्या खिडकीशी बसणार, हे चित्र काही केल्या डोळ्यांपुढून हलेना.

तेवढ्यात वसंतराव आले. वसंतराव समितीचे सभासद, बँकेतून निवृत्त, आणि तीस वर्षं स्वतःची फियाट सांभाळल्याचा त्यांना सार्थ अभिमान. कोणाचंही बॉनेट उघडं दिसलं की ते तिथे असतात. त्यांनी प्लग नाकाजवळ नेऊन हुंगला. “गमरे, तेल जळतंय. म्हणजे तेल कमी होत असणार. साधं गणित आहे. आधी तेल भरा, बाकीचं मग बघू.” राजरत्नने सांगितलं की तेलाची पट्टी त्याने काढून बघितली आहे आणि तेल वरच्या खुणेच्याही बरंच वर आहे. हे सांगताना त्याला जरासा अभिमानही वाटला, कारण गाडीत निदान एक गोष्ट तरी भरपूर होती. वसंतराव हसले. इंजिन गरम असताना पट्टी चुकीचं दाखवते, थंड असताना निराळं दाखवते, आणि नवशिक्याला तर काहीच दाखवत नाही, असं त्यांनी समजावलं. शिकलेला माणूस एवढ्या खात्रीने बोलतो म्हटल्यावर राजरत्नने ऑपेरा हाउसहून आणलेलं अर्धा लिटर तेल इंजिनात ओतलं, प्लग पुसून परत बसवले आणि चावी फिरवली.

धूर आधीपेक्षा दुप्पट निघाला. वॉचमन आग विझवायचं नळकांडं घेऊन धावत आला.

बुधवारी राजरत्न एक प्लग पुन्हा काढून, रुमालात गुंडाळून ऑफिसला घेऊन गेला. जेवणाच्या सुट्टीत कोणाला तरी दाखवू असा विचार होता. प्लगाने बॅगेत तेल सोडलं आणि साताऱ्याच्या एका शेतकी पंपाच्या दाव्याच्या फाइलवर मोठा काळा डाग पडला. साहेबांनी विचारलं, हे काय? राजरत्न म्हणाला, ह्या दाव्यात तेलगळतीचा मुद्दा आहे. साहेबांनी दावा मंजूर करून टाकला. गुरुवारी त्याने प्लगाचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, कोणी जाणकार असल्यास मार्गदर्शन करावं म्हणून. सकाळपर्यंत एक्केचाळीस जणांनी मार्गदर्शन केलं. सात जणांनी इंजिन बदला म्हटलं, चौघांनी गाडी बदला म्हटलं, एका बाईंनी ही वस्तू लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका असं कळवलं आणि सोळाव्या मजल्यावरच्या एकाने हात जोडून भावपूर्ण श्रद्धांजली वाहिली. खाली कोणीतरी लिहिलं होतं की ज्यांना गाडी फक्त बसायला लागते त्यांनी सोफा घ्यावा. त्यावर हसणारे बावीस चेहरे होते. राजरत्नने ते मोजले, आणि मोजल्याबद्दल त्याला स्वतःचाच राग आला.

शुक्रवारभर तो वर खाली करत राहिला. घरात बसवेना, खाली उभं राहवेना. तो लिफ्टमध्ये शिरला की लोक गप्प होत, आणि तो उतरून दार बंद झाल्यावर आपल्याविषयी पुन्हा बोलतात अशी त्याची खात्री पटली. प्रितीने, त्याच्या मुलीने, बाबा तुम्ही आज अकरा वेळा खाली गेलात म्हणून सांगितलं. अप्पांना मात्र कशाचाच पत्ता नव्हता. रोज सहा वाजता ते उठून, दाढी करून, सदरा घालून खाली जात. उलट ते राजरत्नला म्हणाले की तुझी तब्येत काही बरी दिसत नाही, माझ्यासारखा खाली येऊन बसत जा.

शेवटी दीपिकाने मार्ग काढला. लालबागचा मनू मेस्त्री तिच्या माहेरच्या ओळखीचा. मेस्त्री म्हणून येता येत नसेल तर पाहुणा म्हणून येईल, असं ती म्हणाली. शनिवारी दुपारी मनू मेस्त्री लग्नाला घालायचा शर्ट घालून, हातात मिठाईच्या दुकानाची पिशवी घेऊन गेटवर आला. पिशवीत पाने होते. वॉचमनने ती उचलून बघितली आणि मिठाई वजनदार आहे म्हणाला.

मनूने प्लगांकडे बघितलंच नाही. त्याने आधी तेलाची पट्टी काढली, पुसली, परत घातली, परत काढली आणि बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला. मग शांतपणे विचारलं,

“ह्येच्यात कोण कोण तेल घालता?”

राजरत्नने सांगितलं, मीच, मंगळवारी, अर्धा लिटर. मनू मान हलवत म्हणाला की अर्ध्या लिटरात एवढं होत नाही. त्याने पिशवीतून एक मोठी सिरिंज आणि बारीक नळी काढली, नळी पट्टीच्या भोकातून आत सोडली आणि तेल ओढायला लागला. पाण्याच्या तीन मोठ्या बाटल्या भरल्या तेव्हा कुठे पातळी खुणेवर आली. रिंगा ठणठणीत होत्या. तेल बेसुमार झालं की इंजिन ते हवेच्या नळीतून वर ओढतं आणि प्लगांवर आणून टाकतं, एवढीच सगळी गोष्ट. त्याने नळी धुतली, नवे प्लग बसवले, आणि चावी फिरवल्यावर गाडी तिचं वय विसरून चालू झाली. थोडा धूर उरलेला होता, तो उद्यापर्यंत जाईल म्हणाला.

राजरत्नला मनूच्या पाया पडावंसं वाटलं. निर्दोष सुटल्याचा आनंद त्याला झाला होता. अर्धा लिटर माझं, तेही वसंतरावांच्या सल्ल्याने, उरलेलं कोणाचं? कोणीतरी मुद्दाम केलं असणार. जागा बळकावण्याचा डाव. संध्याकाळभर त्याने सोफ्याचा विनोद करणाऱ्यापासून वसंतरावांपर्यंत सगळ्यांवर संशय घेतला, आणि उद्या समितीसमोर चोराला उघडं पाडायचं भाषण मनात तयार केलं.

रविवारी पहारा करायला म्हणून तो साडेसहालाच खाली जाऊन खांबाच्या आड उभा राहिला. सव्वासातला लिफ्टचं दार उघडलं आणि अप्पा आले. त्यांनी इकडेतिकडे न बघता गाडीचं दार उघडलं, आतली कळ ओढली, बॉनेट वर करून दांडी लावली. मग डिकीतून, स्टेपनीच्या मागून तेलाचा डबा काढला. तेलाचं झाकण फिरवून उघडलं, डब्याच्या टोपणात तेल मोजून घेतलं, एक टोपण ओतलं, दुसरं ओतलं. एक थेंब सांडला नाही. फडक्याने कडा पुसल्या, झाकण लावलं, इंजिनावर दोनदा थाप मारली.

अप्पा मिलमध्ये साच्यांना, म्हणजे कापडाच्या मागांना, तेल द्यायच्या कामावर होते. संपात मिल बंद पडली तेव्हा राजरत्न लहान होता, त्यामुळे कामावरचे अप्पा त्याने कधी बघितलेच नव्हते. बघितले होते ते नंतरचे, वॉचमनकी करणारे, हमाली करणारे, खिडकीशी बसणारे. खांबाआड उभ्या असलेल्या शेहेचाळीस वर्षांच्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मग लगेच त्याने घड्याळही बघितलं, कारण समिती दहा वाजता येणार होती.

दहाला मृणालिनीबाई फॉर्म घेऊन आल्या, वसंतराव आले, विकास मोबाइलवर शूटिंग करायला आला. कठड्यावर म्हातारी मंडळी बसली होती, आणि अप्पा, आज एवढी माणसं आपल्या चौकटीत का आली असतील या कौतुकाने, उतरून बाजूला उभे राहिले. राजरत्नने चावी फिरवली. मागून धुराची एक बारीक रेघ निघाली. मृणालिनीबाईंनी पदर नाकाला लावला. रेघ विरली, नंतर काहीच आलं नाही. त्याने पहिल्या गिअरमध्ये अख्ख्या पार्किंगची फेरी मारली, एका खांबाला माफक अंतराने टाळलं, आणि गाडी परत पट्ट्यांच्या आत उभी केली. वसंतरावांनी इंजिनाकडे कान देऊन, आम्ही सांगितलं तसं तेल भरल्यामुळेच फरक पडला, असं जाहीर केलं.

मृणालिनीबाईंनी फॉर्म भरायला घेतला. एक रकाना उरला होता. “दोषाचं कारण?”

भाषण राजरत्नच्या जिभेवर तयार होतं. आठवडाभर ज्यांनी दात काढले त्या सगळ्यांसमोर, आपण अडाणी नाही हे सिद्ध करायची हीच वेळ होती. त्याने अप्पांकडे बघितलं. सदऱ्याच्या बाहीवर तेलाचा अगदी छोटा डाग होता.

“माझीच चूक, मॅडम. मी न मोजता तेल घातलं. जास्त झालं.”

मंडळी हसली. विकासही हसला. आणि अप्पा पुढे आले.

“तू घातलंस? तुला कोणी सांगितलं होतं?” ते समितीकडे वळले. “मी रोज सकाळी देतो की. दोन टोपणं, मोजून. पाळी सुरू व्हायच्या आधी यंत्राला तेल, ही पद्धत आहे. त्याच्यावर हा अजून ओततो. मग यंत्राने करायचं काय?”

हसणं थांबलं. वसंतरावांचे ओठ हिशेब करत हलले आणि मिटले. विकासने मोबाइल खाली घेतला. मृणालिनीबाई पेन हातात धरून अप्पांकडे बघत राहिल्या, मग त्यांनी राजरत्नकडे बघितलं, आणि राजरत्नने मान खाली घातली. आता त्या काय लिहितात यावर सगळं होतं.

त्यांनी सावकाश लिहिलं आणि शाळेत निकाल वाचावा तशा आवाजात वाचून दाखवलं. “दोषाचं कारण: मुलाने वडिलांना न विचारता तेल घातले. वाहन चालू स्थितीत आहे. यापुढे तेलाची जबाबदारी श्री. कोंडीराम गमरे यांच्याकडे राहील.” त्यांनी सही केली, शिक्का मारला. “गमरे, वडिलांना विचारल्याशिवाय गाडीला हात लावत जाऊ नका.”

अप्पांनी तो कागद दोन्ही हातांनी घेतला आणि मंडळींना दाखवायला कठड्याकडे गेले.

तेव्हापासून एकशे सतरामध्ये दोन पाळ्या चालतात. सकाळी सव्वासातला अप्पा दोन टोपणं तेल घालतात. संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर, वर जायच्या आधी, राजरत्न मनू मेस्त्रीची सिरिंज घेऊन तेवढंच तेल बाहेर काढतो, गाळतो आणि डिकीतल्या डब्यात परत ओततो. पार्किंगमध्ये दुरुस्तीला बंदी आहे. परवा मृणालिनीबाई फेऱ्या मारता मारता नेमक्या तिथे आल्या, आणि समोरच्या भिंतीवरची सूचना लक्षपूर्वक वाचत निघून गेल्या. परवाच जेवताना अप्पा म्हणाले की तीन महिने झाले, डबा अजून संपत नाही, हल्लीचं तेल चांगलं पुरवठ्याला येतं. राजरत्न म्हणाला, हो अप्पा, चांगलं येतं, आणि त्याने त्यांच्या ताटात अजून एक भाकरी वाढली.